बीटीआरएफएसचे स्नॅपशॉट दुसऱ्या डिस्कवर कसे न्यायचे?

काळीखिडकी:
लॅपटॉपवर बीटीआरएफएस (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) आहे, होम फोल्डरचा स्नॅपशॉट (त्या क्षणी फाइल जशा होत्या तशा जपलेली स्थिती) दर तासाला आपोआप निघतो, ते मस्त चाललंय. पण सगळे त्याच डिस्कवर आहेत, डिस्क गेली की सगळंच गेलं ना. बाहेरची डिस्क घेतलीये, तिच्यावर ईएक्सटी4 (दुसरी फाइल सिस्टिम) आहे. आरसिंकने (फाइल कॉपी करायचं टूल) स्नॅपशॉटचा फोल्डर टाकायला घेतला तर साइझ वाढतच चाललीये, मूळ डिस्कवर एवढा डेटाच नाहीये. असं का होतंय आणि बरोबर पद्धत कोणती?

उलटीगिनती:
बरोबर ओळखलंस, त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. साइझचं असं आहे की बदललेले ब्लॉक (डिस्कवरचे डेटाचे तुकडे) सोडले तर सगळे स्नॅपशॉट तेच ब्लॉक वापरतात, पण आरसिंकला हे कळत नाही, त्याला प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये पूर्ण फाइल दिसते आणि तो ती परत परत कॉपी करतो.

बाहेरची डिस्क रिकामी करता येत असेल तर तीही बीटीआरएफएसच कर आणि सेंड-रिसीव्ह (स्नॅपशॉट एका डिस्कवरून दुसरीकडे पाठवायच्या बीटीआरएफएसच्या कमांड) वापर. सेंडला स्नॅपशॉट रीड-ओन्ली लागतो, काढतानाच कमांडला मायनस आर (-r) द्यायचं. पहिल्यांदा पूर्ण जातो, नंतर मायनस पी (-p) देऊन आधीचा स्नॅपशॉट पेरंट म्हणून दिला की फक्त फरक जातो. हा पेरंट दोन्ही डिस्कवर असायलाच हवा, जागा करायला म्हणून एकीकडचा उडवलास आणि दुसरा कुठला सामाईक स्नॅपशॉट उरला नसेल तर परत पहिल्यापासून पूर्ण पाठव. आणि तिकडे पोचलेला स्नॅपशॉट चुकूनही रीड-राइट करू नकोस, लिहायचंच असेल तर त्याचा वेगळा स्नॅपशॉट काढून त्यात लिही. रोज हाताने करायचा कंटाळा येणार असेल तर त्यासाठी बीटीआरबीके हा प्रोग्राम आहे, जुने उडवायचं कामही तोच बघतो.

शेवटचा_बाइट:
डिस्क ईएक्सटी4च ठेवायची असेल तर ताजा स्नॅपशॉट घेऊन त्याच्यावर बोर्ग किंवा रेस्टिक (बॅकअपचे प्रोग्राम) चालव. ते सारखे तुकडे एकदाच साठवतात, आणि स्नॅपशॉटवरून वाचल्यामुळे बॅकअप चालू असताना फाइल खालून बदलत नाही, मला तर हाच स्नॅपशॉटचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. सेंडचा आउटपुट फाइलमध्ये साठवून ठेवायचा सल्ला काहीजण देतात, तो ऐकू नको प्लीज. त्यातून एखादी फाइल उघडून बघता येत नाही, आणि मधे कुठे खराब झाली तर रिसीव्ह तिथेच अडकतं, मग तिच्यावर टेकलेले पुढचे सगळे फरकही वाया.

काळीखिडकी:
दोघांनाही खूप थँक्स. डिस्क बीटीआरएफएस केली, पहिलं सेंड झालं. पण होममधला व्हर्च्युअल मशीनचा फोल्डर तिकडे रिकामा दिसतोय, एररही काही नाही??

उलटीगिनती:
तो फोल्डर वेगळा सबव्हॉल्यूम (बीटीआरएफएसमधला स्वतंत्र भाग, दिसतो फोल्डरसारखाच) असणार. स्नॅपशॉट आतल्या सबव्हॉल्यूममध्ये शिरत नाही, त्याच्या जागी नुसता रिकामा फोल्डर ठेवतो. सबव्हॉल्यूम लिस्ट मारून बघ, असेल तर त्याचा स्नॅपशॉट आणि सेंड वेगळं करावं लागेल. मशीन बंद करून स्नॅपशॉट घे, चालू असताना घेतलास तर आतल्या सिस्टिमला अचानक लाइट गेल्यासारखी अवस्था मिळते.

शेवटचा_बाइट:
अजून एक, केबल निघाली किंवा सेंड मधेच तुटलं तर बीटीआरएफएसमध्ये तिथूनच पुढे चालू करायची सोय नाही (झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये आहे). तिकडे अर्धवट सबव्हॉल्यूम पडून राहतो आणि नावावरून तो पूर्णच वाटतो. सबव्हॉल्यूम शो कमांड दिल्यावर रिसीव्ह्ड यूयूआयडी (पूर्ण पोचल्यावरच लागणारा ओळख क्रमांक) याच्यासमोर नुसती डॅश दिसली तर तो अर्धवट आहे, उडव आणि परत पाठव.