पोटातली बुरशी मारायला लसूण आणि पथ्य, किती दिवस?

भुसावळची_सून:
नमस्कार मंडळी. पावसाळ्यात टायफॉइड झाला, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले आणि तेव्हापासून पोट जे बिघडलं ते बिघडलंच, दोन घास खाल्ले की सलवारची नाडी सैल करावी लागते. ओळखीतल्या एकांनी सांगितलं पोटात बुरशी वाढलीय, कॅन्डिडा, तिला उपाशी मारायची. म्हणून गहू, गूळ, साखर, दूध, केळी सगळं बंद, आणि सकाळी अनशापोटी कच्च्या लसणाच्या चार पाकळ्या, वर चमचाभर खोबरेल तेल. अडीच महिने झाले, वजन ५६ वरून ४९ वर आलं, पोट तेवढंच फुगतं, वर छातीत जळजळ. सासूबाई ताटात अर्धी पोळी वाढतात, मी काढून ठेवते, त्यांच्याकडे बघवत नाही. अजून किती दिवस करू?

रावेरचा_केळीवाला:
ताई आजच थांबवा. मी कडुलिंबाचा रस पीत होतो, घरची बाग असून केळ्याला हात लावत नव्हतो. शेवटी निघालं काय, तर मला लसूणच सोसत नव्हता! आता दादर ज्वारीची भाकरी आणि जरा घट्ट केळं रोज खातो, काळे ठिपके पडलेलं मात्र नाही. शेवभाजीचा तर्रीवाला रस्सा सोडला, त्याचं वाईट वाटतं.

आहारवाली_धुळे:
ताई, कॅन्डिडा निरोगी माणसाच्याही आतड्यात असते, नुसतं पोट फुगलं म्हणून तिच्यावर आळ घेता येत नाही. लसणातलं अॅलिसिन प्रयोगशाळेत बुरशीला मारतं हे खरं, पण लसणात फ्रुक्टन नावाची न पचणारी कर्बोदकं असतात आणि नाजूक आतड्यात तेच गॅस करतात, म्हणजे औषध म्हणून खाताय तेच कदाचित फुगवतंय. गॅससाठीचं लो-फॉडमॅप पथ्यसुद्धा (आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ कमी करायचे) २ ते ६ आठवडेच असतं, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. तोंडात पांढरे चट्टे, गिळताना दुखणं असेल तर बुरशीचा विचार होतो, आणि मग शुगरही तपासतात. सात किलो उतरलेत, तुम्ही पोटाच्या डॉक्टरांकडे जाच. आणखी एक, गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते असा सीलिअॅक आजार असतो, त्याची टीटीजी रक्ततपासणी गहू बंद असताना केली तर खोटी नॉर्मल येऊ शकते.

भुसावळची_सून:
अरे देवा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग तपासणीआधी पोळी खायची? किती?

आहारवाली_धुळे:
साधारण सहा आठवडे, रोज दोन पोळ्या. पण आधी डॉक्टरांना विचारा, आणि फार त्रास झाला तर थांबून त्यांना कळवा. लसूण उद्यापासून नको.

भुसावळची_सून:
जळगावला सोमवारची वेळ मिळाली. सासूबाईंना सांगितलं, त्या आत्ताच कणीक मळायला निघाल्या होत्या.