प्रतिसाद: नारळाएवढी गाठ छोट्या भोकातून?

‘दुर्बिणीतून ऑपरेशन करणार म्हणतात, मग गर्भाशयातली नारळाएवढी गाठ बाहेर येते कशी?’ असं वर मीनाताईंनी विचारलंय. मी ठाण्यात ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, म्हणून सांगते.

गाठीचे तुकडेच करावे लागतात. पूर्वी पोटातच मशीनचं फिरतं पातं चालवायचे. काम झटपट, पण बारीक कण आत उडायचे. गाठीत न कळलेला कॅन्सर असला तर तोही पसरायचा. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये या मशीनबद्दल इशारा दिला. अशा गाठीचं ऑपरेशन होणाऱ्या ३५० जणींत एकीला असा लपलेला कॅन्सर असतो, हा त्यांचा अंदाज. (हा आकडा फुगवलेला आहे, असं बरेच डॉक्टर म्हणतात.)

आमच्याकडे गाठ पोटात आतच एका प्लास्टिकच्या पिशवीत घेतात. पिशवीचं तोंड बेंबीच्या कापातून बाहेर ओढून कडा गुंडाळायच्या. मग सर्जन साध्या ब्लेडने, सफरचंदाची साल सलग सोलावी तशी पट्टी काढत जातात. परवा चाळीस मिनिटं ती पिशवी धरून उभी होते, हात भरून आले. पिशवीला भोक पडलं तर सगळंच फुकट, त्यामुळे घाई करून चालत नाही.

मीनाताई, जाऊबाईंची पाळी जाऊनही गाठ वाढतेय म्हणता ना? मग कॅन्सरची शंका घ्यायलाच हवी. ‘बायोप्सी नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नका, ती कधी कधी चुकते. गाठ अखंडच काढता येईल का, हे आधी विचारा. काप मोठा आला तरी चालेल.