मुठेचा पूर क्युसेकमध्ये सांगायचा की फुटांत?

काठावरचा

'नीरक्षीर' यांनी काल लिहिले की, पुण्याच्या वरच्या खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याचा, म्हणजे विसर्गाचा, क्युसेकमधला (सेकंदाला किती घनफूट) आकडा सर्वांच्या मोबाइलवर येत असताना पुलापुलांवर मोजपट्ट्या रंगवणे आणि पातळीमापक यंत्रे टांगणे ही ठेकेदारांची सोय आहे. त्यांच्या मते आकडा ज्याला समजतो त्याला नदीपात्रातला सखल भिडे पूल केव्हा बुडेल हेही समजते. हे वाचून गप्प राहणे मला शक्य झाले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२५ जुलै २०२४ रोजी हा विसर्ग सुमारे पस्तीस हजार क्युसेकपर्यंत गेला होता, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर पाणी. सिंहगड रस्त्यावर नदीकडेला राहणाऱ्या माणसाने या आकड्याचे काय करायचे? आमच्या सोसायटीत त्या पहाटे लोक जिन्यात उभे राहून मोबाइलवरचे आकडे एकमेकांना वाचून दाखवत होते, आणि पाणी फाटकापाशी थांबेल की मीटरच्या खोलीत शिरेल हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नव्हते. तळमजल्यावरच्या एका आजींना आम्ही खुर्चीसकट उचलून वर नेले, तेव्हा त्यांच्या पलंगाची गादी भिजू लागली होती. विठ्ठलवाडीच्या आसपास पातळी दाखवणारे एखादे ठिकाण असते आणि ती अर्ध्या तासात किती चढली हे कळले असते, तर हे काम आम्ही कोरड्या जमिनीवरून केले असते.

शिवाय धरणाचा आकडा फक्त धरणाचे सांगतो. धरणाखाली धायरी, वडगाव, नऱ्हे या बाजूंचे ओढे नदीला मिळतात, त्यांचे पाणी त्या आकड्यात नसते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जो हाहाकार केला, त्याचा अंदाज खडकवासल्याच्या दरवाजांवरून कोणाला बांधता आला असता? आणि संगमाजवळ तर मुळा फुगलेली असली, की मुठेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि विसर्ग तोच असताना पातळी चढते.

नीरक्षीर

आपल्या आजींबद्दल मला सहानुभूती आहे, पण सहानुभूती म्हणजे युक्तिवाद नव्हे. धरणाचा आकडा पुढे काय येणार ते सांगतो, पुलावरची पट्टी काय येऊन पोहोचले ते सांगते. पूर दारात आल्यावर त्याची उंची मोजून कोणाचे भले होणार आहे? मामांच्या गावी भीमेकाठी असेच एक स्वयंचलित यंत्र बसवले होते. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्याची सौरपट्टी चोरीला गेली, आणि आज तिथे शेळ्या बांधायला एक खांब तेवढा उरला आहे. तो पैसा नदीपात्रातला राडारोडा उचलायला वापरला असता, तर नदी चार इंच तरी खाली वाहिली असती.

सांगलीकर (सध्या कोथरूड)

पट्टी उशिरा सांगते, हे आपण एकच पट्टी गृहीत धरल्यामुळे वाटते. आमच्याकडे सांगलीत शाळकरी पोरालाही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी चाळीस फूट आणि धोका पातळी पंचेचाळीस फूट हे पाठ असते. किती फुटाला कोणत्या गल्लीत पाणी येते हे घराघरांत ठाऊक असते. वरच्या अंगाला कराडला पातळी चढली, की सांगलीत सामान वरच्या मजल्यावर जाऊ लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेले, तेव्हा कोयनेतून किती क्युसेक सोडले हे आम्ही विचारत नव्हतो, आता किती फूट एवढेच विचारत होतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने आमच्याकडे पूर येतो का, हा वाद इतकी वर्षे चालला आहे, तोही लोकांनी ठिकठिकाणच्या पातळ्या धरून ठेवल्या म्हणूनच. त्या वादात पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा निष्कर्ष मला आजही पटत नाही, आणि का पटत नाही हे मी लिहिणारच आहे.

काठावरचा

अलमट्टीसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

निवृत्त शाखा अभियंता

दोन्ही बाजूंना एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. धरणातून सोडलेला विसर्ग हा नदीत उतरून मोजलेला आकडा नसतो. दरवाजे किती उघडले आणि जलाशयाची पातळी किती आहे, यांवरून तो गणिताने काढतात. नदीतला विसर्ग मोजायचा तर पात्राचे उभे भाग पाडून प्रत्येक भागात पाण्याचा वेग मोजणारा करंट मीटर सोडावा लागतो; उथळ जागी पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर, खोल जागी ०.२ आणि ०.८ वर वेग घेऊन सरासरी काढावी लागते. अशी मोजमापे वेगवेगळ्या पातळ्यांना घेतली, की कोणत्या पातळीला किती विसर्ग हे दाखवणारा वक्र तयार होतो. पात्रात भराव पडला किंवा गाळ साचला, की जुना वक्र निरुपयोगी होतो. म्हणून 'अमुक क्युसेकला भिडे पूल बुडतो' हे वाक्य कायमचे खरे नसते. राडारोड्याचा मुद्दा काढणाऱ्या 'नीरक्षीर' यांनीच हे ओळखायला हवे होते.

मात्र सगळीकडे यंत्रे टांगण्यास माझा विरोध आहे. पट्टी वाचायला माणूस हवा. माणूस पाण्याचा रंग पाहतो, वाहत आलेली झाडे पाहतो, पाणी चढते आहे की उतरते आहे हे त्याला कळते; आणि ते महत्त्वाचे आहे, कारण एकाच पातळीला चढत्या पुरात विसर्ग अधिक असतो आणि उतरत्या पुरात कमी.

वारज्याची

साहेब, तो माणूस म्हणजे माझे वडील होते. रोजंदारीवर पट्टी वाचायचे. पुराच्या रात्री कंदील घेऊन शेवाळलेल्या पायऱ्या उतरायच्या, आणि घरी आम्ही मुले जागी. ज्या रात्री उतरणे शक्य नसे, त्या रात्रीचे आकडे सकाळच्या ओल्या खुणेवरून अंदाजाने भरले जात. मी त्यांना दोष देत नाही, पण आपण ज्या नोंदींचा अभिमान बाळगता त्यांत असे आकडे आहेत. पुलाच्या तळाला बसवलेल्या रडार यंत्राला पाण्याचा स्पर्शही होत नाही, ते दर पंधरा मिनिटांनी पातळी पाठवू शकते आणि बुडून मरत नाही. माणूस हवा असे म्हणणारे स्वतः किती वेळा रात्री त्या पायऱ्या उतरले?

निवृत्त शाखा अभियंता

माझी नोकरी काय होती हे ठाऊक नसताना असा प्रश्न विचारणे सभ्यपणाचे नाही. मी उतरलो आहे आणि माझ्या हाताखालच्या माणसांबरोबर उतरलो आहे. आता आपल्या रडारचे ऐका. या शहरातल्या नद्यांवर जलपर्णी किती माजते हे आपण रोज पाहत असाल. तिचा थर पुलाखाली अडकला, की रडार त्या थराची उंची पाण्याची म्हणून पाठवते. कार्यालयात बसलेल्या माणसाला पडद्यावर नदी चढलेली दिसते, प्रत्यक्षात ती तिथेच असते. असा खोटा इशारा दोनदा गेला, की तिसऱ्या वेळी खरा इशाराही कोणी ऐकत नाही.

आपल्या वडिलांविषयी जे लिहिले ते वाचून मला वाईट वाटले. रात्रीची नोंद यंत्रानेच घ्यावी, एवढे मी मान्य करतो. पण यंत्राचा आकडा नियमितपणे पट्टीशी ताडून पाहणारा माणूस पगारावर असला पाहिजे, रोजंदारीवर नव्हे.

वारज्याची

पगारावर, हे आपण लिहिलेत म्हणून जलपर्णीचा मुद्दा मी सोडून देते. तो खरा आहे.

नीरक्षीर

धरणाचा आकडा गणिती असतो आणि वक्र बदलतो, हे दोन मुद्दे मला स्वीकारावे लागतात, जरी त्यांतून बारा पुलांवर बारा यंत्रे बसवावीत असे मुळीच सिद्ध होत नाही. विठ्ठलवाडीला एक आणि संगमाच्या वर एक, एवढ्याला माझी हरकत राहणार नाही. मात्र देखभालीचा खर्च पहिल्या दिवशीच लेखी मंजूर झालेला असावा, नाहीतर शेळ्यांची सोय होईल हे मी पुन्हा सांगतो.

काठावरचा

दोन ठिकाणे मान्य होत असतील तर वाद मी इथेच थांबवतो. ओढ्यांच्या तोंडाशी पट्ट्या हव्यात ही मागणी मात्र सोडलेली नाही. तोपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. २०२४ च्या पुराची ओली रेघ नदीकडेच्या अनेक सोसायट्यांच्या भिंतींवर अजून दिसते, आणि रंगकाम निघाले की ती पुसली जाईल. अभियंता साहेबांनी उंची मोजायचे लेव्हल यंत्र मिळवून दिल्यास रविवारी आम्ही चौघे या रेघांची समुद्रसपाटीपासूनची उंची घेऊन ठेवू. वारज्याच्या बाजूच्या रेघा कोण दाखवेल?

वारज्याची

मी दाखवते. सकाळी आठ वाजता या, नंतर उन्हात यंत्रातून नीट दिसत नाही.