बोलोन्याला जाताय? इटालियन शिकूनच जा
भाचीचा कोर्स इंग्रजीत आहे, मग इटालियन कशाला, असं तुम्ही विचारलंय. इटलीतल्या बोलोन्याला शिकायला जाणार असेल तर आत्तापासून शिकू दे. वर्ग इंग्रजीत असले तरी घरमालक, पोस्ट, दवाखाना सगळं इटालियनमध्ये. पोचल्यापासून ८ कामकाजाच्या दिवसांत पोस्टातून 'पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो', म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. खोली मात्र त्याआधीच शोधायला लागा, फार कठीण जातं. आणि परीक्षा बऱ्याचदा तोंडी! ३० पैकी १८ ला पास. गुण पटले नाहीत तर ते नाकारून पुन्हा परीक्षा देता येते, हे मला मनापासून आवडलं. एर-गो या तिथल्या विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या सरकारी संस्थेची शिष्यवृत्ती कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, तेव्हा आईवडिलांच्या उत्पन्नाचे दाखले भाषांतर आणि प्रमाणित करून इथूनच न्या.