मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत रवांडा, सोबत आई आणि नववीतला मुलगा

नमस्कार मंडळी,
धाकटा भाऊ दीड वर्षापासून किगालीत, म्हणजे रवांडाच्या राजधानीत, नोकरीला आहे. त्याला काहीही विचारलं तरी "ताई, तू ये तर खरी" एवढंच उत्तर येतं, म्हणून इथे विचारतेय. आम्ही तिघं: मी, आई (वय 66, गुडघे कुरकुरतात, पक्की शाकाहारी) आणि लेक.

घोडं अडलंय गोरिलांपाशी. 15 वर्षांखालच्यांना जंगलात गोरिला बघायला सोडतच नाहीत आणि लेकाला 15 पूर्ण होतात ऑक्टोबरमध्ये. म्हणजे मे महिना बाद. जून ते ऑगस्ट तिकडे कोरडं असतं, पण तेव्हा इथे शाळा. पुढच्या वर्षी दहावी. उरली यंदाची दिवाळी, आणि नेमका तेव्हा तिकडे पाऊस! परमिट माणशी 1500 डॉलर. एवढे पैसे ओतून चिखलात घसरायचं का? आईला न्यावं का? शिवाय तिने भाजणी, मेतकूट, लाडू असं भरायला आत्तापासूनच घेतलंय.

डोंगरवाट:
ताई, नोव्हेंबरचा पाऊस आपल्या आषाढासारखा दिवसभर लावून धरत नाही. सर येते, जाते. चिखल मात्र असतोच. सकाळी 7 ला किनिगीला, म्हणजे गोरिलांच्या उद्यानाच्या कचेरीपाशी, जमायचं, आठ-आठ जणांचे गट करतात, आणि कळप सापडला की एक तास मिळतो. कळप कधी तासाभरात सापडतो, कधी चार तास चालवतो. वाटेत खाजरी पानं फार, त्यामुळे बागकामाचे जाड हातमोजे न्या. पोर्टर जरूर घ्या, चढावर अक्षरशः हात धरून ओढतात. सर्दी-खोकला असेल तर आत सोडत नाहीत, मुलाला आधीचे आठ दिवस जपा. आईंना यात घालू नका, त्यांच्यासाठी किवू सरोवराकाठी गिसेनीला दोन दिवस ठेवा. किगाली महाबळेश्वरपेक्षा उंच आहे, स्वेटर लागेल.

शेजारच्या युगांडात बविंडीच्या जंगलात गोरिलांचं परमिट 800 डॉलरला आहे, किगालीहून गाडीने जाता येतं. पण तिथून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची. साठीपुढच्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

पाटावरवंटा:
भाजणी न्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत नको! 2008 पासून तिथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. माझ्या शेवेची पिशवी डोळ्यांदेखत गेली, शेव मी कागदात बांधून नेली. खायचे हाल नाहीत. राजम्यासारखी उसळ, शिजवलेली हिरवी केळी, अवोकाडो सगळीकडे मिळतात. 'इसोंबे' म्हणजे कसाव्याच्या पानांची भाजी, आळूच्या फतफत्याची आठवण येते. त्यात मांस-मासळी नाही ना, तेवढं विचारून घ्या.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी 8 ते 11 उमुगांडा असतो, सगळे सार्वजनिक सफाईला आणि रस्ते जवळपास ओस. त्या सकाळी कुठे निघायचं ठरवू नका.

आणि एक, न विचारता सांगते. किगालीत गिसोझीच्या स्मारकात जाल. 1994 च्या तुत्सी जमातीच्या नरसंहारातल्या अडीच लाखांहून जास्त लोकांचं दफन तिथे आहे. शेवटी लहान मुलांची दालनं आहेत. एकेका मुलाचा मोठा फोटो, खाली आवडता खाऊ, आवडतं खेळणं, आणि मग कसं मारलं ते. मी दुसऱ्या फोटोपाशीच बाहेर आले. लेकाला आधी सांगून न्या, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. युगांडा रद्द. परमिट दोघांचीच काढतेय. आईला भीतभीत सांगितलं, तर म्हणाली, "मी कुठे म्हटलं होतं मला गोरिले बघायचेत? मला माझा लेक बघायचाय."

लाडवांसाठी स्टीलचा डबा काढलाय. आता एकच, तो हातातल्या बॅगेत चालेल का सामानात टाकू?