रिफंड दिला म्हणजे विषय संपला?

कासारवडवलीकर
काल एका दुकानदाराची पोस्ट वाचली. "पुरवठादारानेच डुप्लिकेट माल दिला तर ऑनलाइन दुकानवाल्याने काय जीव द्यायचा? रिफंड मिळाला ना, मग रडता कशाला?" लिहिणारे स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकतात. रात्रभर डोक्यात तेच, म्हणून हे लांबलचक.

वाशी मार्केटमधल्या एका व्यापाऱ्यासाठी मी आंबा पिकवायच्या खोल्यांचं तापमान नोंदवणारे डबे बनवतो. पाडव्याच्या आधी तापमान मोजणारे डीएस१८बी२० सेन्सर घेतले, तीस नग. महाप्यात गोदाम असलेली वेबसाइट, पक्कं बिल, पानावर ठळक 'ओरिजनल'. खरा सेन्सर दोन तारांवरही चालतो; हे जोडले तर तीसपैकी अकराच बोलायला तयार. बाकीचे तीन तारांवर चालवले आणि बर्फाच्या पाण्यात बुडवले, तिथे शून्य दाखवायला हवं. अर्धा अंश इकडेतिकडे समजू शकतो, पण काही नग दोनच्या वर दाखवत होते. त्या खोलीत १८ ते २० अंश सांभाळायचे असतात, दोन अंशांची चूक म्हणजे पेट्याच्या पेट्या.

तक्रार केली, तिसऱ्या दिवशी पैसे परत. माल परत मागितलासुद्धा नाही! दिलदारीच म्हणायची. पण आज पाहिलं तर तेच पान, तोच फोटो, तेच 'ओरिजनल', वर 'फक्त १४ शिल्लक'. त्याच लॉटमधून माझ्याआधी ज्यांनी घेतले त्यांना कोण सांगणार? बोंबललो म्हणून मला पैसे मिळाले. जो बोंबलला नाही त्याच्या खोलीत तो सेन्सर अजून खोटं बोलतोय.

२०१० मध्ये अमेरिकेत सुटे भाग विकणाऱ्या स्पार्कफनकडे एटीमेगा३२८ या चिपा म्हणून नकली चिपा आल्या होत्या. त्यांनी त्या उघडून आत काय आहे ते फोटोंसकट जगाला दाखवलं. आपल्याकडे गुपचूप रिफंड.

वागळे_इस्टेट_दुकानवाला
ती पोस्ट माझी. महाप्याचं ते दुकान माझं नाही, पण उत्तर देतो.

चीनला, शेनझेनच्या पुरवठादाराला, पैसे आधी भरावे लागतात साहेब. हजाराचा लॉट, कस्टम, वर जीएसटी. माल खोटा निघाला तर तिकडचा माणूस "सॉरी फ्रेंड" लिहून गायब. अडुसष्ट रुपयांच्या सेन्सरमागे मी बर्फ घेऊन बसू? अधिकृत वितरकाकडे हाच नग कितीतरी महाग मिळतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. भाव बघून तुम्हीच आलात.

आणि ग्राहक म्हणजे संत नाहीत. ओरिजनल बोर्ड ठेवून घ्यायचा आणि क्लोन, म्हणजे दुसऱ्याने बनवलेला तसाच स्वस्त बोर्ड, परत पाठवायचा, असे तिघे गेल्या वर्षी मला भेटले. म्हणून आता अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नसेल तर तक्रार घेत नाही.

शिवाय तुम्ही डबे विकता. व्यापारी वापर. कायद्याने तुम्ही ग्राहकच नाही.

कोपरखैरणे_लॅब
दादा, क्लोन आणि नकली यांची खिचडी करू नका. सीएच३४० ही स्वस्त यूएसबी चिप लावलेला, अर्डुइनो नॅनोसारखा बोर्ड आम्ही पोरांना घेऊन देतो, पानावर 'कम्पॅटिबल' लिहिलेलं असतं, कुणाची फसवणूक नाही. दुसऱ्याचं नाव छापून विकलं की ती फसवणूक.

यूएसबी केबलींच्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआयचा २०१४ चा तमाशा आठवतो का? कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य केला, तोही विंडोजच्या अपडेटमधून. आमच्या लॅबच्या चार केबली एका सकाळी गेल्या. सबमिशन तोंडावर. बनवणाऱ्याचं काही बिघडलं नाही, विकणाऱ्याचंही नाही. मला मात्र एचओडींसमोर उभं राहून "केबल ओरिजनल आहे की नाही हे बघायला नको का?" ऐकावं लागलं. कसं बघायचं असतं, चाखून?

सीवूड्सचा_सेल
९८०० एमएएच क्षमता लिहिलेल्या १८६५० आकाराच्या लिथियम बॅटऱ्यांवर कुणीच का बोलत नाही? त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतं. वजन केलं तरी कळतं. मी तीन साइटना लिहिलं, एकाने उत्तर दिलं: "सर, छापील आकडा उत्पादकाचा आहे."

माजिवडा_बी_विंग
तो अनबॉक्सिंग व्हिडिओ कसा काढायचा ते आधी सांगा! मी ऑफिसात, पार्सल वॉचमनकडे. संध्याकाळी पाहतो तर टेप उचकटलेली. डिलिव्हरीवाला म्हणतो वॉचमनने, वॉचमन म्हणतो डिलिव्हरीवाल्याने. व्हिडिओ काय वॉचमनने काढायचा?

हिरानंदानी_भाडेकरू
आमच्याकडे सोसायटीच्या कमिटीने डिलिव्हरीवाल्यांना मेन लिफ्ट बंद केली आहे. सर्व्हिस लिफ्ट महिन्यातून वीस दिवस बंद. चौदाव्या मजल्यावर कोण चढणार? मग सगळं गेटवर. पाऊस आला की पुठ्ठ्याचा लगदा.

माजिवडा_बी_विंग
आणि हीच कमिटी स्वतःच्या आंब्याच्या पेट्या मेन लिफ्टने नेते.

निवृत्त_चेअरमन
कमिटीवर घसरणं सोपं आहे. बारा वर्षं चेअरमन होतो. दिवसाला तीनशे पार्सलं येतात. एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, पंधरा टाळकी, त्यातली दहा समोशासाठी. पार्सल रूम बांधू म्हटलं तर दोनशे रुपये वर्गणीवरून माझी आई काढली होती लोकांनी.

हिरानंदानी_भाडेकरू
काका, भाडेकरूला एजीएमला बसू देतं कोण? घर भाड्याने दिलं म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मात्र बरोबर लावता.

निवृत्त_चेअरमन
तो चार्ज तुम्हाला नाही, मालकाला असतो. त्याने तुमच्याकडून वसूल केला असेल तर त्याच्याशी भांडा.

माजिवडा_बी_विंग
हे घ्या, इथेही रिफंड पुरवठादाराकडून मागा!

कासारवडवलीकर
अहो, लिफ्टमधून बाहेर या कुणीतरी.

वागळेसाहेब, कायदा तुम्ही काढलात म्हणून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतू वगळलाय हे खरं. पण पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याने वस्तू घेऊन वापरली तर तो ग्राहकच, हे त्याच व्याख्येखाली लिहिलंय. मी, माझी बायको आणि एक सोल्डरिंग स्टेशन, एवढीच आमची कंपनी. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत बनावट माल परत घ्यायला नकार देता येत नाही, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. 'व्हिडिओ नाही तर तक्रार नाही' हे तुम्ही कुठल्या नियमातून आणलंत? गोदामात स्वतःचा माल ठेवून विकणाऱ्याला "आम्ही फक्त मध्यस्थ" असंही म्हणता येत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला ग्राहक आयोगात फी लागत नाही, ठाण्यात बसून ऑनलाइन दाखल करता येतं.

वागळे_इस्टेट_दुकानवाला
करा की दाखल. दोन हजार चाळीस रुपयांसाठी, तेही परत मिळालेले! आयोगाला सांगणार काय, "पैसे मिळाले पण मन भरलं नाही"? इतर गिऱ्हाइकांना कळवलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय ते दाखवा. माल परत बोलावण्याचा हुकूम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकतं, तोही धोकादायक मालासाठी. तुमच्या सेन्सरने आंबा कच्चा राहील, स्फोट होणार नाही.

सीवूड्सचा_सेल
माझ्या बॅटरीने होईल.

कोपरखैरणे_लॅब
कायद्यात नाही म्हणून करायचं नाही? तुमच्याकडे प्रत्येक बिलावर मोबाइल नंबर आहे. दिवाळीची ऑफर दोन मिनिटांत सगळ्यांना जाते. 'अमुक लॉट वापरू नका' हा मेसेज पाठवायला मात्र मनुष्यबळ नाही!

वागळे_इस्टेट_दुकानवाला
ताई, एकदा पाठवला होता. २०२२ मध्ये एलएम२५९६ या व्होल्टेज कमी करणाऱ्या चिपेचा लॉट खराब आला, साठ जणांना कळवलं. साठांपैकी चाळिसांनी रिफंड मागितला, त्यात सात-आठ जणांनी तो लॉट घेतलेलाच नव्हता. वर एकाने स्क्रीनशॉट टाकून लिहिलं, "हे नकली माल विकतात, स्वतःच कबूल करतात." बाजूचा दुकानदार तोच लॉट गप्प बसून विकत राहिला, त्याचे स्टार माझ्यापेक्षा जास्त. आता सांगा, शहाणा कोण?

कासारवडवलीकर
हे कालच्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत? "रडता कशाला" लिहिलंत.

वागळे_इस्टेट_दुकानवाला
कारण काल सकाळीच एक जळका बोर्ड परत आला होता, "आल्यापासून असाच" या चिठ्ठीसह. डोकं फिरलेलं होतं. असो. पानावरून 'ओरिजनल' काढायला हवं, तेवढं मान्य. त्याला खर्च नाही.

कासारवडवलीकर
तुमच्या साइटवरही डीएस१८बी२० आहे, आत्ता बघितलं. अडुसष्टच रुपये, 'ओरिजनल'.

वागळे_इस्टेट_दुकानवाला
…शेनझेनचा माणूस एकच असेल. पान संध्याकाळी बंद करतो. शनिवारी तुमचे तीस नग घेऊन वागळेला या, माझ्या लॉटमधले तीस काढतो. बर्फ कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून आणू.

कासारवडवलीकर
येतो. आणि व्हिडिओ मी काढणार.

माजिवडा_बी_विंग
वॉचमनचं काय ठरलं मग?