सल्ला हवा: खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या कादंबरीत ताण खरा कसा उतरेल?

सीनाकाठ:
कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहितेय. नायिका 16 वर्षांची, परंडा तालुक्यातली, 17 वर्षांखालील शालेय संघात. आईवडील ऊसतोडीला जातात. पहिल्या खर्ड्यात सगळा ताण सरांच्या ओरडण्यातच आलाय, पोकळ वाटतो. कोणते तपशील घ्यावेत?

बालाघाट:
सरांचं ओरडणं निम्मं कापा. खो-खोत ताण घड्याळात असतो. संरक्षक तिघी-तिघींच्या तुकडीनं उतरतात, कोण किती पळालं ते सेकंदासह नोंदलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘2.10 मि. संरक्षण, 3 गडी’ असं छापून येतं. गाव तोच आकडा वाचतं. नायिकेला पहिल्या तुकडीतून तिसरीत टाका, कुणी काही बोलायची गरज उरणार नाही.
आक्रमणात दडपण आलेली मुलगी खो मिळायच्या आधीच उठते. फाऊल होतो आणि समोरची निसटते. खांबावरचा सूरही तसाच: घाईत लवकर मारला की हात रिकामा आणि मुरमावर कोपर सोलून निघतं. मातीवर घडलेली मुलगी पहिल्यांदा मॅटवर उतरते तो प्रसंग जरूर घ्या. तिथं पाय चिकटतो, अंग वळतं आणि गुडघा मुरगळतो.
धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या जिल्ह्यातल्या मुलीला ‘तूही तशीच हो’ हे ऐकावं लागणारच.

तेरणा:
शरीराकडे दुर्लक्ष करू नका. चपळ राहायचं म्हणून ती रात्री अर्धीच भाकरी खाते, सकाळी नुसत्या चहावर सराव करते. आधी दम कमी पडतो, मग चिडचिड, मग पाळी लांबते. ‘सराव जोरात आहे म्हणून’ असं मैत्रिणी म्हणतील, पण ते चूक आहे. खाणं कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं, हाडं कच्ची होतात. नडगीवर बोट दाबल्यावर नेमक्या एकाच जागी कळ आली तर हाडाला बारीक चीर असल्याचा संशय घ्यावा. साधी नडगीदुखी लांबवर पसरलेली असते.
शाळेतली लोहाची निळी गोळी तिला चहासोबत घेताना दाखवा. चहानं लोह नीट शोषलं जात नाही, लिंबू किंवा पेरूनं जास्त मिळतं.

बालाघाट:
कॅलेंडरही मांडा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा फेऱ्या पावसाळ्यापासून थंडीपर्यंत चालतात आणि दसरा झाला की मुकादमाची, म्हणजे ऊसतोड मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी दारात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली. मुलीला एकटी कुणाकडे ठेवायची, या प्रश्नातूनच लग्नाची बोलणी सुरू होतात. दुसरीकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण, म्हणून वडिलांना प्रमाणपत्रही हवंय. एकाच घरातून दोन्ही बाजूंनी ओढ बसते, कादंबरीचा कणा मला इथं दिसतो.

सीनाकाठ:
नडगीची चीर घेतली तर शेवटी अंतिम सामना खेळवता येईल?

तेरणा:
त्या मोसमात नको. किमान 6 ते 8 आठवडे पळणं बंद, मग हळूहळू सराव. खाणं सुधारल्यावरही पाळी परतायला कित्येक महिने लागू शकतात. अंतिम सामना तिला मैदानाबाहेरून, हातात स्टॉपवॉच घेऊन बघू द्या.